आमच्या गावच्या व्हायरसची एकी

४ जून, सकाळ
आजपासून एका पेशंटला एकच सिरिंज. नवी कोरी. फायनल. गावात हेपटायटिस सी निघालाय, लिव्हर पोखरणारी कावीळ, आणि जिल्ह्याहून तपासणीची टीम येतेय. डिग्री नसंल मला, पण सोलापुरात कंपाउंडर होतो. गाव डॉक्टर म्हणतं ते उगीच न्हाय.

संध्याकाळ
सिरिंजा आणायला नळदुर्गला जायचं राहिलं. पेशंट लई. जुन्याच उकळल्या. गॅस संपला, म्हणून शेवटच्या नुसत्या धुतल्या. चांगली धार असताना फेकायच्या म्हणजे माजच की.

७ जून
टीमच्या प्रतीक्षा मॅडमनी साऱ्या गावाचं रक्त घेतलं. माझंही. व्हायरसच्या जाती बघणार. कुणाचा कुणाशी जुळतो, त्यावरून कुठून आला ते कळतं म्हणे. मी लगेच सांगितलं, हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडून. मॅडमनी विचारलं, वापरलेल्या सुया कुठं टाकता? म्हटलं, मागं खड्डा आहे. उद्या खणून घ्यायला पाहिजे.

१५ जून
खड्डा राहिला. ऊन फार.
बायकोला, कस्तुराला, परत थकवा. ताकदीचं इंजेक्शन दिलं, नेहमीचं. सिरिंजा उद्या नक्की. तिचा रिपोर्ट यायचाय. काही निघणार न्हाय तिचं. डॉक्टरची बायको आहे ती.

२९ जून
रिपोर्ट आले. टीमनं ढाब्यांवरच्या ट्रकवाल्यांचंही रक्त घेतलेलं, त्यांच्यात तऱ्हेतऱ्हेच्या जाती. आमच्या गावात निम्म्या लोकांना लागण, आणि सगळ्यांचे व्हायरस सख्खे भाऊ! सरपंच बोंबलतात, गावात एकी न्हाय. घ्या, ही एकी! मॅडम हसल्या न्हाईत. ट्रकवाल्यांशी एकही जुळत नाही, एवढंच बोलल्या. मग पाण्यातून आला असणार. पाणीच.
कस्तुरालाही निघाला. तोच, गावचाच. आज दवाखाना उघडला न्हाय. कडी वाजली की पोलीस वाटतात.

३० जून
माझा रिपोर्ट निगेटिव्ह! पळत जाऊन कस्तुराला दाखवला. म्हटलं, तूही गोळ्यांनी बरी होशील, ह्या पाण्यानं घात केला बघ. ती कागदाकडं बघत बसली. मग म्हणाली, अवो, एकाच माठातलं पाणी पितो की आपण. शेजारच्या सिताबाईला झालं, मला झालं, तुम्ही तेवढे कसे सुटलात?
रिपोर्ट घडी करून खिशात घातला. खरं कारण तेवढं इथं लिहितो.
मी दुखण्याला गोळी घेतो. इंजेक्शन आजवर एकही घेतलं न्हाय. मला सुईची भीती वाटते.