पुलावरचं फाटक मी बनवलं नाही

मी, पुलाजवळच्या गल्लीतला लोहार, माझ्यामागे काय कोणाचं ते या मृत्युपत्राने ठरवून ठेवतो. मी सांगतो आहे, मुलगी लिहून घेते आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासलं; डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. जे आहे ते बाहेर चौकात रणगाड्यात बसलेलं आहे, अजून घरात आलेलं नाही.

१. राहतं घर मुलीला. मागच्या खोलीची भिंत तोफगोळ्याने पडली होती, ती मी विटा रचून बंद केली. पक्की नाही. तिला टेकून कपाट ठेवू नये.

२. दुकान, भाता, ऐरण, वेल्डिंगचं यंत्र आणि सगळ्या सांडश्या माझ्या मेहुण्याला. तो नदीपलीकडचा. अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा आमच्याच गल्लीतल्या लोकांनी माझ्या बायकोला नळावरून फरफटत नेलं आणि दगडांनी ठेचलं. तिचं माहेर पलीकडचं, एवढंच कारण. मला दुकानात कोंडून ठेवलं होतं. मेहुणा गोळीबारातून पूल ओलांडून आला, बहिणीला खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि त्याने तिला पलीकडे पुरलं. हत्यारं त्याचीच.

३. पहिला दगड मारणारा कोपऱ्यावरचा शिंपी. त्याला माझ्या घरातलं पाणीसुद्धा देऊ नये. परक्या सैन्याने आता त्याला नगराध्यक्ष केलं आहे.

४. हे कलम मालमत्तेचं नाही, तरी लिहावं. शेजारच्या देशाचं सैन्य आलं, दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांना बाजारातल्या भिंतीशी उभं करून उडवलं, आणि संध्याकाळपर्यंत शहर गप्प झालं. हे खोटं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, कोणीतरी थांबवलं ना? तुम्हाला जमलं असतं?" मला जमलं नसतं. म्हणून ती त्यांच्याकडे दुभाषी म्हणून लागली तेव्हा मी अडवलं नाही.

मग त्यांचा अधिकारी तिला घेऊन दुकानात आला. पूल बंद करायला फाटक हवं होतं. मी नाही म्हणालो.

तो म्हणाला, "तुम्ही एकमेकांचे गळे कापत होतात. आमच्याकडे बळ होतं म्हणून जिवंत आहात. ज्याचं बळ, त्याची व्यवस्था."

मी म्हणालो, "साहेब, शेजाऱ्याने दार फोडून घरातली मारामारी सोडवली, उपकार झाले. म्हणून तो आमच्या पलंगावर झोपणार का?"

अधिकारी चिडला नाही, तेव्हाच मला कळलं की मुलीने पलंग गाळला. मी म्हणालो, "पोरी, सगळं सांग." तिने सांगितलं.

दोघांनी माझा उजवा हात माझ्याच ऐरणीवर दाबून धरला. तिसऱ्याने माझाच घण उचलला. अधिकारी काहीतरी बोलला. मुलीने ते मला सांगितलं नाही. त्याने तिच्या कानशिलाला पिस्तूल लावलं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, विचारतायत, आता बनवाल का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याचं भाषांतर लागलं नाही. घण तीनदा पडला. बोटं कुठली आणि ऐरण कुठली, ते रक्तात कळत नव्हतं. तिने नोकरी त्याच दिवशी सोडली, पण तेव्हापासून माझ्या हाताकडे बघत नाही. त्या दिवसाबद्दल माझा तिच्यावर राग नाही. हे कलम तेवढ्यासाठीच.

फाटक त्यांनी दुसऱ्या शहरातून आणून बसवलं.

५. माझं प्रेत बायकोशेजारी पुरावं. भर दिवसा पुलावर न्यावं आणि फाटक उघडायला सांगावं. विनवू नये. नाही उघडलं, तर मला तिथेच ठेवून सगळ्यांनी परत यावं. ज्यांना आमच्यावर राज्य करायचं आहे, त्यांनी माझं काय करायचं ते बघावं. मुलीने मात्र घरीच थांबावं. तिथे गोळ्या घालतात.

अंगठा: डाव्या हाताचा

साक्षीदार:
१. डॉक्टर, माझा हात कापणारे (सही)
२. समोरची बेकरीवाली मावशी (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च. 'नव्या शासनाचे तिसरे वर्ष' असं त्यांच्या कागदांवर असतं, ते इथे लिहू नये.

लेखनिक: मुलगी. वडिलांनी सांगितलं तसं लिहिलं. पाचव्या कलमातली शेवटची अट मी पाळणार नाही, हे त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यानंतरच त्यांनी अंगठा दिला. फाटकावरच्या शिपायांशी बोलायला त्यांची भाषा येणारं माणूस लागेल. मी जाणार. (सही)