कुंडाकाठचं क्वार्टर

५ नोव्हेंबर, बुधवार
शारजाचा फ्लॅट खलास! आज सामान घेऊन अभयारण्याच्या क्वार्टरमध्ये आलो. दोन खोल्या, किचन, पुढे पत्र्याचा मांडव आणि समोर नजर जाईल तिथवर तांबडी वाळू. जेरार्डला इथे केअरटेकरची नोकरी लागली आहे. गेट उघडायचं, येणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची, कुंपण बघायचं. दुबईत देऱ्यातल्या हॉटेलचं स्टोअर सांभाळताना त्याचा मणका गेला, ऑपरेशन होऊनही दुखणं राहिलंच. इथे ओझं उचलायचं नाही, त्यातच सगळं आलं. मीही दुबईतच ऊद मेथा भागातल्या शाळेतलं ऑफिसचं काम सोडलं. रोज जॅममध्ये बसणं संपलं, या आनंदात आज दोनदा चहा केला.

राहिलभाईंनी सगळं फिरवून दाखवलं. ते बलुचिस्तानचे, वीस वर्षं इथेच, रोज पिकअपमधून जनावरांचा चारा आणतात. लांब शिंगांची पांढरी ऑरिक्स हरणं अगदी मांडवापर्यंत येतात. मागे पाच मिनिटांवर खडकाच्या पोटात गरम पाण्याचा झरा आहे. आपल्या वज्रेश्वरीसारखं कुंडच, फक्त माणसं नाहीत. पाण्यात उतरायला मनाई असल्याचा बोर्ड आहे. राहिलभाई म्हणाले, कितीही तहान लागली तरी जनावरं या पाण्याला तोंड लावत नाहीत.

८ नोव्हेंबर
जेरार्डची पाठ धरली आहे. सकाळी त्याला मोजे घालताना माझ्याकडून जरा ओढलं गेलं, तर हातावर फटका मारला. वर ओरडला, किती वेळ लावतेस. मणका जाऊन तेरा वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच. डॅडी वाईट नाही, दुखणं वाईट आहे, असं मी अ‍ॅशलेला सांगत आले. आता ती पुण्याला होस्टेलवर आहे, तिला बघावं लागत नाही ते बरं.

जेवण झाल्यावर म्हणाला, बोर्ड पाहुण्यांसाठी असतो. टॉवेल घेऊन कुंडाकडे गेला. दीड तासाने परत आला तो ताठ चालत.

११ नोव्हेंबर
गोळ्या बंद. आज त्याने वाकून लादी पुसली, कांदे चिरले, आणि माझे पाय चेपून दिले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. अ‍ॅशले फोनवर म्हणाली, "डॅडी साउंड्स सो हॅपी, ममा." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानेच.

हरणं मात्र तीन दिवस मांडवाकडे फिरकली नाहीत.

१४ नोव्हेंबर
त्याचे केस सुकत नाहीत. सकाळी डोकं पुसून देते, दुपारी पुन्हा ओलेच. उशी ओली, शर्टाची कॉलर ओली. उन्हात कुंपण बघून येतो, पण घामाचा वास नाही. अंग मात्र कोमट, दिवसरात्र एकसारखं कोमट.

राहिलभाई आज गाडीतून उतरले नाहीत. काचेतूनच जेरार्डकडे बराच वेळ बघितलं. मग मला हळूच म्हणाले, भाभी, बॅग भरा, मी शारजाला सोडतो. कशाला, ते सांगेनात. मी नाही म्हटलं. नवऱ्याला असं टाकून कशी जाऊ?

१६ नोव्हेंबर
सवयीने त्याच्या पाठीला बाम लावायला बसले. ऑपरेशनचा व्रण वीतभर होता. मीच त्याचं ड्रेसिंग करायचे, डोळे मिटूनही बोट बरोबर तिथे जायचं.
व्रण नाही. खूण नाही. पाठ लहान मुलासारखी गुळगुळीत.
तो म्हणाला, थांबलीस का?
मी बाम लावत राहिले.

१७ नोव्हेंबर
भर दुपारी एकटी कुंडावर गेले. तो घरात तांदूळ निवडत होता.

जेरार्ड पाण्यात होता. छातीपर्यंत. पलीकडच्या खडकाला धरून. ओठ पांढरे, बोटांची कातडी सुटलेली. मला बघून रडायला लागला.
"अ‍ॅग्नेस, हात दे. नऊ दिवस झाले."

मी कडेने त्याच्यापर्यंत गेले. गुडघ्यावर बसले, हात पुढे केला. आणि तो म्हणाला, लवकर, किती वेळ लावतेस. त्याच सुरात. मोज्यांच्या वेळचा सूर.
मी हात मागे घेतला.
घराकडून दुसऱ्याची हाक आली, भात तयार आहे म्हणून.
मी जेवायला आले.

१८ नोव्हेंबर
उन्हाने भास झाला असेल, असं लिहायला बसले होते.
भास नव्हता. मला माहीत होतं. तेव्हाही.
किचनच्या खिडकीतून हाक ऐकू येते. माझं नाव. मी नळ सोडून ठेवते.

१९ नोव्हेंबर
हाक बारीक झाली आहे. तो माझ्यासाठी चपात्या लाटतो. हसतो. राहिलभाईंची पिकअप दोन दिवस आली नाही. हमरस्ता अठरा किलोमीटर. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. अ‍ॅशलेला फोन लावला, तर काय सांगू सुचेना. जेवलीस का, एवढंच विचारलं —

२० नोव्हेंबर
हाक बंद.
धावत गेले. कोपरापर्यंत हात घातला, सगळीकडे चाचपलं. पाणी कोमट. त्याच्या अंगासारखं. खडकावर नखांचे ओरखडे, खालून वर —
जेरार्ड, मी आले होते रे.

२१ नोव्हेंबर
विचारलं शेवटी. तांदूळ धूत होता, तेव्हा. माझा जेरार्ड कुठे आहे?
त्याने हात पुसले. आवाज अजिबात चढवला नाही.
"तू त्याला बघून आलीस ना, अ‍ॅग्नेस. बघून परत आलीस."
मग माझ्या ताटात वाढलं. मी जेवले. काय करणार —

२२ नोव्हेंबर
आज म्हणतो, तुझेही गुडघे दुखतात. पाणी छान आहे.
दारात उभा आहे. खांद्यावर दोन टॉवेल. घाई करत नाही. लिहून होऊ दे, म्हणतो.
अ‍ॅशले, घरी कोणी आलं, माझ्यासारखं बोललं, तर पाठ — नाही, माझ्या पाठीवर काहीच नाही. तू कशी ओळख —
डॅडीने मला हाक मारली होती. तोवर नऊ दिवस तो धरून राहिला होता. तुझ्या ममाने तेव्हा हात दिला अस