दोन बहिणींची नावं जागच्या जागी लावण्याबद्दल

सगळ्यांत आधी आली ती शेजारची क्लावदिया, मोटार नंतर. हे मुद्दाम वरच लिहिते, कारण उद्या ती गावभर सांगत फिरेल की पाहुणे पहिल्यांदा मी पाहिले, आणि या वेळी ते खरं आहे. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. ती कुंपणावरून ओरडली, "अगं ए अगाफ्या, पुलापाशी परदेशी मोटार चिखलात रुतलीय! एक बाई आणि एक दाढीवाला. तुझंच नाव विचारतायत. काय करून ठेवलंस गं म्हातारपणी?"

ग्रामसचिव म्हणतात, मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत. बरं, तर त्यांच्या पद्धतीने.

मी, अगाफ्या तेरेन्त्येव्ना शुबिना, वय वर्षे त्र्याऐंशी, शिक्षण इयत्ता तिसरी, राहणार उस्त्येवो, ओर्योल प्रांत, आज पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दडपणाखाली नाही. माझी लेक झिनाइदा दाराशी उभी राहून उसासे टाकतेय, ते दडपणात मोजायचं नसतं असं सचिव म्हणाले. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. मरायची मुळीच घाई नाही, उलट इतकी खुशीत मी लग्नातही नव्हते. पण एक गोष्ट पंचाहत्तर वर्षं उलटी राहिलीय. ती सुलटी करायला माणसं लागतील, आणि माणसांना कागद लागतो. म्हणून हा कागद.

कलम पहिले. घर, गोठा, शेळी, कोंबड्या आणि मागची बाग झिनाइदाला. तिने घर विकू नये. शेळी विकली तरी चालेल, ती तिच्यासारखीच हट्टी आहे.

कलम दुसरे मोठं आहे, त्याआधी चार गोष्टी सांगाव्या लागतील.

इथून बारा कोसांवर काउंट ओरेखोव्स्कींची हवेली होती, आता तिथे शाळा आहे. माझी आई मात्र्योना तिथे दाई होती. १९०५ साली आईला मुलगी झाली, अक्सिन्या, आणि त्याच महिन्यात काउंटच्या घरी क्सेनिया झाली. आईने दोघींना एकाच वेळी पाजलं, एक इकडे, एक तिकडे. आमच्यात अशा मुलींना दूधबहिणी म्हणतात. मी सहा वर्षांनी आले, मला आईचं दूध एकटीला मिळालं, म्हणून मी जाडी.

१९१९च्या फेब्रुवारीत, क्रांतीच्या धामधुमीत, काउंटच्या मुलांना तासाभरात निघावं लागलं. आईबाप आधीच वारले होते. थोरला प्योत्र बावीस वर्षांचा, घोडदळातला, मधली वार्वारा सतराची. धाकटी क्सेनिया टायफसच्या तापात बडबडत पडलेली. घसरगाडीतून थंडीत नेली असती तर वेशीपर्यंतही टिकली नसती. प्योत्रने माझ्या आईचे हात धरले. "मात्र्योना, दोन आठवडे सांभाळ. दोन आठवड्यांत मी तिला न्यायला येतो." मी चुलीवरच्या माळ्यावरून ऐकलं होतं.

दोन आठवड्यांत क्सेनिया उठून बसली. तिची सेवा करणारी आमची अक्सिन्या त्याच तापाने गेली. जमीन गोठून दगड झाली होती. आईने हवेलीच्या बागेच्या टोकाला, सफरचंदाच्या झाडाखाली, सकाळपासून जाळ करून माती मऊ केली, मग खणलं. क्रूस लावला नाही. आठ दिवसांनी आम्हाला घेऊन ती मामाच्या गावी, म्हणजे इथे, आली आणि दप्तरात लिहून दिलं: मुली दोन, अक्सिन्या आणि अगाफ्या, दोघीही हयात. काउंटच्या मुलीला तेव्हा कुणी जगू दिलं नसतं. तापात तिचं डोकं भादरलेलं, आणि इथे आम्हाला ओळखतंय कोण? त्या दिवसापासून क्सेनिया माझी ताई झाली. तिने आईला आई म्हटलं, आणि आईने एकदाही, एका शब्दानेही, तुझ्यापायी माझी गेली असं म्हटलं नाही.

आता सफरचंदाचं. ज्या बाईने मूल पुरलंय ती ऑगस्टातल्या सफरचंदांच्या सणापर्यंत सफरचंदाला तोंड लावत नाही. त्या सणाला वरती देवाघरी गेलेल्या लेकरांना सफरचंदं वाटतात, आणि ज्याच्या आईने आधी खाल्लं त्याच्या हातावर काही पडत नाही, असं म्हणतात. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात क्लावदियाच्या आईने कुंपणावरून एक लवकर पिकलेलं सफरचंद पुढे केलं. "खा गं मात्र्योना, तू खाऊ शकतेस. नशीबवान बाई, दोघीही जिवंत!" चार बायका बघत होत्या. आईने घेतलं, चावलं, गिळलं, वर "गोड आहे हो" म्हणाली. मग गोठ्यात जाऊन गाईच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मी पाहिलं. ताईनेही पाहिलं. त्या वर्षापासून मरेपर्यंत ताईने सणाआधी सफरचंद खाल्लं नाही. विचारलं की म्हणायची, पोटात दुखतं. आईला धरता येत नव्हता तो उपास तिने धरला.

बाकी ताईला सगळं शिकवलं. दूध काढायला, शिव्या द्यायला, डोईला रुमाल बांधायला. एक मात्र जमलं नाही. आपण सगळे साखरेचा खडा दाताखाली धरून चहा बशीत ओततो आणि फुर्र करतो. ती कपानेच प्यायची, आवाज न करता, आणि कप ठेवताना पण आवाज नाही. एकदा तालुक्याचे तपासनीस चहाला बसले. बघत राहिले. "बाई, असा चहा प्यायला कुठे शिकलीस?" मी एकोणीस वर्षांची होते, तोंडाला येईल ते बोलले, "साहेब, ती हवेलीत भांडी घासायची, तेव्हापासून मालकिणीची नक्कल करते. ताई, साहेबांना ते नाक मुरडून दाखव ना!" आणि काउंटच्या त्या पोरीने स्वतःच्याच आजीची अशी नक्कल केली की साहेबांना हसता हसता ठसका लागला. ते गेल्यावर दोघी पलंगावर पडून रडेपर्यंत हसलो. अक्षरओळख मला तिनेच दिली, हा कागद तिच्याच शिकवणीचा आहे. चुका माझ्या.

ती १९७१ साली गेली. क्रूसावर लोहाराने रंगवलं, "अक्सिन्या तेरेन्त्येव्ना". म्हणजे कबरीत क्सेनिया, वर नाव अक्सिन्याचं. आणि जी खरी अक्सिन्या, ती बारा कोसांवर झाडाखाली बिननावाची.

तर आता पाहुणे. बाईचं नाव इरेन, प्योत्रची नात, फ्रान्सात शिक्षिका. दाढीवाला स्तेवान, वार्वाराचा नातू, सर्बियात नोव्ही सादला जनावरांचा डॉक्टर. गुडघ्यापर्यंत चिखल. इरेन म्हणाली, "आजी, मात्र्योना दाईची लेक म्हणून तुमचं नाव हवेलीच्या गावात कळलं. ओरेखोव्स्कींची धाकटी मुलगी इथे राहिली होती का? तिची कबर शोधतोय."

आणि मी काय म्हणाले? "छे गं बाई. ती सगळी मंडळी निघून गेली. कुणी राहिलं नाही."

विचारही केला नाही. साठ-सत्तर वर्षं जीभ तशीच वळवलेली, वळली. त्यांनी मान खाली घातली. स्तेवान म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना. चल, परतायला हवं." रिकाम्या पोटी कसं पाठवायचं, म्हणून चहा ठेवला. स्तेवानने बशीत ओतला आणि फुर्र केला, मला बरं वाटलं. इरेनने कप उचलला. आवाज नाही. प्यायली, ठेवला. आवाज नाही.

झिनाइदा म्हणते, "आई, तू पांढरीफटक पडलीस, मला वाटलं गेलीस!" मी इरेनला म्हणाले, "पोरी, खोटं बोलले मी. ती राहिली होती. माझी ताई होती. बावन्न वर्षं याच टेबलाशी बसली." झिनाइदाच्या हातून किटली पडली, तिलाही ठाऊक नव्हतं. "म्हणजे माझी मावशी काउंटची मुलगी? आणि मी तिला शेण काढायला लावायचे?" मी म्हटलं, "चांगलं काढायची."

मग दोन दिवस बोलणंच बोलणं. प्योत्रने पॅरिसमध्ये तीस वर्षं टॅक्सी चालवली, हातमोजे घालून. "आजोबा विधवा काउंटेसना फुकट सोडायचे," इरेन म्हणाली, "आणि जनरल बसला की लांबच्या रस्त्याने न्यायचे." वार्वारा बेलग्रेडला गेली, दिवसा मुलींना गणित शिकवलं, संध्याकाळी बायकांच्या टोप्या शिवल्या, सहा पोरं वाढवली. प्योत्र-वार्वाराचे काका अर्कादी तर देशातच राहिले, लेनिनग्राडच्या संग्रहालयात भुंगेरे टाचत. कुणी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे, तर म्हणायचे, "सहा पायांच्या." त्यांना कुणी हात लावला नाही. आणि प्योत्र शेवटच्या दुखण्यात एकच म्हणत होता, "मी दोन आठवडे सांगितले होते." इरेनने हे सांगितलं तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "त्याला ठाऊक नव्हतं, पण तिला कुणी टाकलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मोटारीतून शाळेत गेलो. झाड आहे! अर्धं पोकळ, पण आहे, आणि हिरवी बोराएवढी फळं धरलेली. मी खोडाला हात लावून मोठ्याने म्हणाले, "अक्सिन्या!" पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या नावाने खरीला हाक मारली. शाळेची पोरं खिडक्यांतून बघत होती. बघू देत.

म्हणून, कलम दुसरे. माझ्या माघारी, किंवा मी असतानाच केलं तर उत्तम: ताईच्या क्रूसावरची पत्र्याची पाटी काढावी, फेकू नये. तिच्यावरची वर्षं खरवडून १९०५ ते १९१९ अशी रंगवावी आणि झाडाखाली खऱ्या अक्सिन्याला लावावी. ते नाव तिचंच, फक्त उसनं दिलं होतं. ताईला नवी पाटी: क्सेनिया निकितिच्ना ओरेखोव्स्काया. आणि खाली हेही लिहावं, "मात्र्योनाची लेक". ते खोटं नव्हतं. मला ताईशेजारी ठेवावं. कपड्यांचं गाठोडं पेटीत तळाशी आहे, रुमाल निळाच बांधावा, काळा मला शोभत नाही.

कलम तिसरे. ताईचा कप, कान तुटलेला, इरेनला. माझी बशी पण तिलाच, शिकून घ्यावं. आईने येताना हवेलीतून आणलेलं तांब्याचं मुरंब्याचं पातेलं स्तेवानला, कारण त्याने पहिल्या सांजेला ते चाटूनपुसून साफ केलं. प्योत्रच्या बुटाची, घोड्याला टोचायची लोखंडी टाच साठ वर्षं आमच्या खुराड्याची कडी होती, ती इरेनने न्यावी, नवी कडी बसवून द्यावी. अर्कादीकाकांची भुंगेऱ्यांची पेटी, तीही आईने हवेलीतूनच आणलेली, शाळेला. अर्धे भुंगेरे कोंबड्यांनी खाल्ले, त्याबद्दल क्षमा.

कलम चौथे. कुंपणालगतची हातभर जमीन, जिच्यावरून क्लावदिया आणि मी चाळीस वर्षं भांडलो, ती क्लावदियाला. तिच्या आईवर माझा राग होता, त्या सफरचंदासाठी. पण ती बिचारी प्रेमाने देत होती, तिला काय ठाऊक. परवा हे सगळं क्लावदियाला सांगितलं. मग म्हणाली, "या वर्षी मी पण सणापर्यंत खाणार नाही. तुझ्या आईच्या वतीने." तिनेही एक लेक पुरलीय, ती तशीही खात नाही. पण म्हणाली, हेच खूप. अट एकच: जमीन जिंकली असं तिने म्हणू नये.

वाटा मिळतो म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही, असं सचिवांनी सांगितल्यापासून ती फुगून बसलीय.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं, दोनदा वाचलं, एकदा रडले, ते आनंदाचं.

साक्षीदार: तैसिया झोतोवा, टपालवाली. येरेमेय फेओक्तिस्तोव, दवाखान्याचे मदतनीस.
सही: अगाफ्या शुबिना
ठिकाण: उस्त्येवो. दिनांक: २७ जून १९९४

सहीनंतर लिहायचं नसतं म्हणतात, पण हे राहिलं. निघताना मोटार परत रुतली, ती चिखलातून काढून दिली तेव्हा मी इरेनला म्हटलं, "दोन आठवडे म्हणू नकोस हं." ती म्हणाली, "नाही आजी. तारीखच देते. सफरचंदांच्या सणाला येतो, पाट्या घेऊन. पहिली टोपली झाडाखाली." शुक्रवार, एकोणीस ऑगस्ट. कॅलेंडरवर मी गोल केलाय, क्लावदियानेही केलाय.