पायपट्ट्याची दुमड

३ ऑगस्ट, रविवार
जमला! सातव्या खेपेला पायपट्टा जमला. वारा वाढून शिडाची होडी कलली की या पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकायचं. बाजारचा पट्टा पायाला कापतो, म्हणून मी कॅनव्हासचा शिवला, आत फोम. गिरीश, माझा मामेभाऊ, होडीतला अर्धा भागीदार, धरणाच्या पाण्यावर तासभर लटकला. "सोफ्यावर बसल्यागत वाटतंय रे!" त्याची मुलगी अनू म्हणाली, "काका, माझ्यासाठी जांभळा." जन्मभर ब्लाउज शिवले, पण असा आनंद...

६, बुधवार
गि. दुकानात. पट्ट्याचा कागदी पॅटर्न नेला. "माप बघतो जरा." भावाला काय नाही म्हणायचं.

१२, मंगळवार
अस्तर आणायला गावाबाहेर बोगादीला गेलो. बॅगा शिवतात त्या शेडबाहेर निळ्या पायपट्ट्यांचा ढीग. माझाच आकार, माझाच गोल कोपरा. मालक म्हणतो, "गिरीश सारांचं डिझाइन. चेन्नईला चाललंय." गिरीश सार! सुईत दोरा ओवता येत नाही त्याला. अस्तर न घेताच परत.

१३
फोन केला. गि. म्हणे, "सुम्ने, उगाच कशाला मनाला लावून घेतोस? तू काय विकणार होतास होय? कुवेंपुनगरातल्या दुकानात बसून ब्लाउजच शिवणार की."
"माझं नाव तरी सांगायचंस."
"टेलरचं नाव सांगून कोण घेतंय?"
फोन मीच ठेवला. आता जे सुचतंय, ते लिहिण्यासारखं नाही. लहानपणी एका ताटात जेवलो आम्ही.

१५, शुक्रवार
बायकोने सहज विचारलं, "तुमच्या कागदावर दुमड नसते ना? मग त्यांनी कापलं कसं?"
खरंच की! आमच्या घराण्यात कागदावर फक्त तयार माप. दोन्ही टोकांची चार-चार बोटं दुमड, म्हणजे आत वळवून शिवायचं जादा कापड, डोक्यात. बाबांची शिस्त: कागद गेला तरी कसब जाऊ नये. मोठ्याने हसलो. फसला लेकाचा!
मग हसू गेलं. कागदाबरहुकूम कापलं, तर टोक जेमतेम बोटभर दुमडून शिवलं असणार. माणसाचा सगळा भार त्या शिवणीवर. ब्लाउज असता तर नुसता घट्ट झाला असता.

१६, शनिवार
अनूचा फोटो आला. होडीत निळा पट्टा. "काका, बाबांनी नवा बसवला! उद्या शर्यत. या हं." म्हणजे माझा काढून टाकला.
गि.ला सांगितलं, "दुमड कमी आहे, उसवेल. अनूला त्यावर लटकू देऊ नको."
"जळतोस तू," म्हणाला. ठेवला फोन.
दुपारभर जांभळा पट्टा शिवला. चार बोटं दुमड, दुहेरी शिवण.

१७, रविवार, सकाळी सात
शेडच्या मालकाला फोन करून उठवलं. माल थांबवायला सांगितला. मग नव्या कागदावर दुमडीची रेघ काढून फोटो पाठवला. बाबांनी माझ्यासाठीसुद्धा कधी काढली नव्हती. एवढं एकच उरलं होतं माझ्याकडे, तेही गिरीशच्या नावावर गेलं. माफ केलेलं नाही.
अनूला मेसेज: "निळ्यावर लटकू नको. जांभळा आणतोय."
तिने वाचलाय. उत्तर नाही. शर्यत नऊला. निघतो.