आडव्या फांदीची वाट

माय,

गेल्या रविवारी मी तुझ्या वाटेवर चालून आले. तेही नाव नोंदवून, डोक्यावर पिवळी टोपी घालून. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. नागपूरच्या एका भटक्या मंडळाने पैनगंगेच्या काठाकाठाने, डोंगरातल्या दोन गावांमधली पायी सहल काढली होती. नकाशा पाहिला आणि कळलं, ही तर तुझी वाट. मी गेले ते एवढ्यासाठीच, की तुझी आठवण असलेलं एखादं माणूस तिथे भेटेल आणि ते तुझ्याबद्दल बोललेलं मला ऐकायला मिळेल. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझ्याबद्दल माझ्याशी बोलणारं आता कुणी उरलेलं नाही.

पांढरकवड्याच्या पुढे गाडीतून उतरलो. आमच्या वाटाड्याने, तिशीतल्या एका उत्साही माणसाने, सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं, "ही ट्रेल आपल्या टीमने मागच्या वर्षी शोधली. याआधी इथे कुणी फिरकत नव्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी फिरकत नव्हतं म्हणे! मग बावीस वर्षं खांद्याला लसीचा थंड डबा लटकवून, पांढरं पातळ वर खोचून कोण चालत होतं? डोंगरातल्या पोडावरच्या, त्या वस्तीवरच्या कोलाम बाया बाजाराला काय उडत जात होत्या? पायवाट माणसांच्या पायांनी पडते, एवढंही याला कळू नये? हे त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी टोपी सारखी केली आणि रांगेत उभी राहिले.

वाट मात्र फार देखणी आहे. खाली खडकांमधून वळत जाणारी नदी, वर सागाचं रान, मधेच कापसाच्या शेताचा पांढरा तुकडा. ती पाहून मला तुझाही राग आला. इतकी सुंदर जागा, आणि तू घरी येऊन कधी एका शब्दाने बोलली नाहीस. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून फक्त विचारायचीस, "जेवली का?" मी दिवसभर एकटी, शेजारणीच्या ओट्यावर तुझी वाट पाहत बसलेली असायचे, आणि तुझ्याकडे सांगायला काहीच नसायचं. सुट्टीत एकदाच तू मला सोबत नेलंस. मी नऊ वर्षांची आहे. टेकडीखाली वाटेला दोन फाटे फुटतात, त्यातल्या रुंद वाटेवर पळसाची ओली फांदी आडवी टाकलेली आहे, तिच्यावर एक धोंडा. मी धोंडा ढकलते आणि फांदी उचलून गरगर फिरवते. तू मागून येऊन पाठीत असा धपाटा घालतेस की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. "कायले उचलली? पुढं गेलेल्या माणसानं मांगच्यासाठी ठेवली थे. ही वाट बंद हाय म्हून सांगून राह्यला तो. ठेव जशीच्या तशी!" मी रडत रडत फांदी परत ठेवते. तू धोंडा हलवून पाहतेस आणि मग पदराने माझं नाक पुसतेस.

रविवारी त्याच फाट्यावर तशीच फांदी होती. ताजी, पानं अजून हिरवी, वर धोंडा. वाटाड्या म्हणाला, "लोक बघा कुठेही कचरा टाकतात," आणि त्याने लाथेने ती झुडपात ढकलली. मी रांगेत तिसरी होते. मला सगळं माहीत होतं. पण सकाळपासून मी त्या लोकांत नागपूरच्या मॅडम झाले होते. आमच्याकडे फांदी वाट सांगते, हे बोलायची मला लाज वाटली. पुढे दहा मिनिटांवर दरड कोसळून वाट अर्धी नदीत गेली होती. माझ्या मागच्या बाई घसरल्या, त्यांचा घोटा टम्म सुजला. आरडाओरडा ऐकून सरपण वेचणारी एक कोलाम म्हातारी उतरून आली. तिने आपल्याच लुगड्याची पट्टी फाडून पाय बांधला आणि मग आमच्यावर कडाडली, "फांदी कोनं फेकली? आमचे लेकरंबाळं जातेत ना इकून!"

"आजी, ती रस्त्यात पडलेली होती," वाटाड्या म्हणाला.

"पडली नोती. म्या ठेवली होती."

मग तिची नजर माझ्यावर थांबली. जवळ येऊन तिने माझी हनुवटी धरली. "तू आमच्या नर्सबाईची पोरगी होय का वं? थेच नाक, थेच डोये. भरल्या पान्यात आलती थे माह्या पोरीच्या बाळंतपनाले. पन आडव्या फांदीच्या पलीकडं कधी पाय नाही टाकला तिनं."

माय, ज्यासाठी गेले होते ते माझी हनुवटी धरून उभं होतं. आणि मी म्हणाले, "नाही हो आजी, मी नागपूरची." ती "असं का" म्हणाली आणि सरपणाची मोळी उचलून निघून गेली. परतताना कुणीतरी विचारलं, कोण होती हो ही नर्सबाई? वाटाड्याने खांदे उडवले. मीही उडवले.

चार दिवस त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते आहे. त्याला बिचाऱ्याला तू माहीतच नव्हतीस. हा कागद आता कपाटात जाईल. खरं सांगू? तुला पाठवायची सोय असती, तर म्हातारी भेटल्याचं मी लिहिलंच नसतं.