निगेटिव्ह म्हणजे वाईटच की

वहिनी,

हे पत्रही मी फाडणार आहे, म्हणून खरं लिहितो.

आई अंथरुणाला खिळली होती आणि माझी बॅग भरलेली होती. पण कोरोनाच्या त्या नियमांचा वीट आला होता. उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, तिथे आजारी पडलो तर विमावाले हात वर करणार, आणि परत इकडे परदेशात घेतील की नाही देव जाणे. तेवढ्यात तुमचा फोन आला. मी म्हणालो, "रिपोर्ट निगेटिव्ह आला."

"अगंबाई, निगेटिव्ह? म्हणजे वाईटच की! भावोजी, मग येऊ नका. आईंना मी बघते."

निगेटिव्ह म्हणजे मी ठणठणीत, एवढंच सांगायचं होतं. मी खोकलो.

मग रोज तुम्ही विचारायचात, वाफ घेतली का? मी घसा बसवून हो म्हणायचो. आता माझाच आवाज ऐकला की शिसारी येते.

आई गेली तेव्हा तुम्ही रडत म्हणालात, "धाकट्याचा ताप उतरला का, एवढंच विचारत होत्या. मी खोटंच सांगितलं, की तो अगदी बरा आहे. मला माफ करा."

वहिनी, आईला खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच.

तुमचा ठणठणीत,
धाकटा दीर