सदऱ्याचं शेपूट

२ मे

रेइनो आला. तीन कप कॉफी पोटात गेल्यावर तोंड उघडलं. माझ्या आर्विदची शिकारीच्या खोपटातली खाट वेंडेलला द्यायची म्हणतो. वेंडेल म्हणजे तो शहरातला, छपराचे पत्रे विकणारा. गेल्या साली चाकं लावलेलं यांत्रिक धनुष्य मिरवत पाहुणा म्हणून आला होता.

"वहिनी, दादा गेल्यापासून दोन हंगाम खाट रिकामी आहे. छप्पर गळतंय. तो नवं घालून देतो म्हणतोय."

"खोपटात लाकडी धनुष्यच चालतं. तुझ्या बापाचा नियम."

"शिकेल तो."

"मग मीही शिकते. मला दे खाट."

हसला. दीर माझा, पण हसताना थेट सासऱ्यासारखा दिसतो, खालचे दात दाखवत. मी हसले नाही. मग त्याचं हसू वाळलं.

जाताना दारात उभा राहून बोलला, ऑक्टोबर लागायच्या आत पंधरा पावलांवरून पत्र्याच्या ताटलीत चार बाण. आणि बंदुकांचा हंगाम लागायच्या आत एक हरीण. म्हणजे चौदा नोव्हेंबरपर्यंत. नाही जमलं तर वेंडेल.

बरं म्हटलं. उरलेला पुल्ला, आमचा गोड पाव, त्याला बांधून दिला नाही.

४ मे

इर्माचा फोन. मी शब्दही बोलले नव्हते, रेइनोनेच लावली असणार आग. "आई, या वयात? कमरेचं हाड मोडेल." म्हटलं, माझं हाड आहे, मोडलं तर मीच लंगडेन. लेकीला वाटतं मला हौस आली.

हौस नाही. दोन हिवाळे लोकांनी दिलेलं हरणाचं मांस खाते आहे. देतात, चांगली माणसं आहेत. पण दिलेल्या मांसाला मीठ जास्त लागतं. आणि ओकच्या कड्यावर पहाट व्हायच्या आत पोचायचं तर खोपटातूनच निघावं लागतं. माझ्या घरून गेले तर हरणं जेवून झोपलेली असतात.

त्या खोपटाला चाळीस वर्षं मी मांस-बटाटा भरलेल्या पॅस्ट्या भाजून पाठवल्या. हंगामात उंबरा ओलांडला नाही. आत चूल कुठल्या भिंतीला आहे तेसुद्धा ऐकून माहीत.

१० मे, शनिवार

अंघोळीची सौना तापवली. बाहेरच्या खोलीत दारावर आर्विदचं धनुष्य टांगलेलं आहे. मीच टांगलं होतं, घरात तेवढी लांब मोकळी भिंत नाही म्हणून. आज खाली काढलं. त्याची ओढ साठ पौंडांची. दोरी चढवतानाच घाम आला. ओढायला गेले तर हात हनुवटीच्या अलीकडेच थांबला.

उद्या बघू.

१७ मे

आज दोरी हनुवटीपर्यंत आणली. थोडं राहिलं होतं. दात आवळून ओढली —

कडाड!

धनुष्याचा वरचा बाहू मधोमध उभा फुटला. एक तुकडा कानाजवळून गेला. मी गवतात बसले. लागलं कुठेच नाही. नुसती बसले.

१८ मे

चर्चहून येताना तुकडे रेइनोकडे नेले. त्याने लाकूड नाकाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कुठे ठेवलं होतंस?"

"सौनाच्या बाहेरच्या खोलीत."

"दर शनिवारी तापवतेस?"

"नाहीतर काय? अंघोळ करते मी."

डोक्याला हात लावला त्याने. आठवड्यातून एकदा लाकूड कोरडं भाजायचं, वर वाफ द्यायची, मग आठवडाभर गारठवायचं. दोन वर्षं. "वहिनी, धनुष्य सौनात टांगणारे जगात आपणच फिन्नी माणसं. आमच्या बापाने एक असंच मोडलं, मी एक. दादाने कधी मोडलं नव्हतं, ते तू पूर्ण केलंस."

पुढे म्हणाला, मोडलं नसतं तरी ते तुझं नव्हतंच. जड धनुष्याने सुरुवात करणारा माणूस बाण मारायला शिकत नाही, कुंथायला शिकतो.

"मग हलकं करून दे."

"तुझ्याकडून हरायला मीच राबू?"

"हरवायचं तर धनुष्य देऊन हरव. नाहीतर लोक म्हणतील रेइनो म्हातारीला घाबरला."

करतो म्हणाला.

१४ जून

नवं धनुष्य हिकरीच्या लाकडाचं आहे. फिकट, सरळ. ओढ चाळीसची. मी म्हटलं, पोरीबाळींचं दिसतंय. तो म्हणाला, "हरणाला ओढ कळत नाही, धार कळते. बाणाचं पातं असं घास की हातावरची लव निघाली पाहिजे." धार लावायला मला शिकवायला नको. या गावात माझ्याइतकी मासे कापलेली दुसरी बाई दाखवा.

महिनाभर ताटली लावायची नाही, अशी आज्ञा. पेंढ्याच्या गठ्ठ्यासमोर चार पावलांवर उभं राहायचं, डोळे मिटायचे, ओढायचं, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं की सोडायचं. बस. माझ्या बोटाला ओठाचा कोपरा सापडायला डोळे कशाला, म्हटलं, इतकी वर्षं घास जातोय तिथे.

२२ जून

डाव्या हाताची आतली बाजू वांग्यासारखी काळीनिळी. दोरी फटकारते. रेइनोने चामड्याची पट्टी दिली होती, मी बांधली नव्हती. आता बांधते.

१९ जुलै

डास. ताटली लागली, दहा पावलांवर. पहिला बाण कुंपणात, दुसरा बटाट्यात, तिसरा सापडला नाही.

रेइनो पायरीवर बसून बघत होता. "बाणाकडे बघतेस. ताटलीकडे बघतेस. ताटलीवर गंजाचा एक ठिपका आहे, तेवढ्याकडेच बघ. दगड मारताना दगडाकडे बघतेस का?"

तुझ्या डोक्याकडे बघेन, म्हटलं. पण गंजाकडे बघितलं. पुढचा बाण टण्ण. त्याच्या पुढचाही. त्याने कौतुक केलं नाही. आत जाऊन स्वतःच कॉफी ओतून घेतली. या घराण्यात हेच कौतुक.

३ ऑगस्ट

ब्लूबेरी तोडून कंबर गेली. तरी वाकलेल्या कंबरेने, गुडघ्यावर बसून बाण मारले. उभ्याने मारते त्याहून बरे गेले. जंगलात कोण उभं राहतंय.

१७ ऑगस्ट

पेटीतून आर्विदचा लोकरी सदरा काढला, लाल-काळ्या चौकड्यांचा. पाठीमागचं लोंबतं शेपूट माझ्याच हातचं, चौथ्यांदा जोडलेलं. खोपटाची रीत आहे ती: हरणावर नेम चुकला की त्या माणसाच्या सदऱ्याचं शेपूट कापायचं आणि भिंतीवर ठोकायचं. कापायचे हे, शिवायच्या आम्ही. दर नोव्हेंबरात आर्विद मागून उघडा घरी यायचा आणि म्हणायचा, झाड आडवं आलं. झाडांना त्याचाच काय राग होता कोण जाणे. भिंतीवर त्याच्या चिंध्या सगळ्यांत जास्त आहेत, हे त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

वेंडेल गेल्या साली दोनदा चुकला. सदरा शाबूत घेऊन घरी गेला. तेव्हा रेइनोला विचारलं होतं, तर म्हणाला, पाहुण्याचा सदरा कापत नसतात.

हा सदरा मला गुडघ्यापर्यंत येतो. बाह्या आखूड केल्या. बाही लोंबती असेल तर दोरी अडकते.

७ सप्टेंबर

रेइनो म्हणतो, दोरीवर लोकरीचे गोंडे बांध, वर एक, खाली एक. दोरी सोडली की टणकारते. हरीण तो आवाज ऐकून बाण पोचायच्या आत खाली दबतं. माझ्याकडे लोकरीच्या टोपल्या भरलेल्या आहेत. पण धनुष्याला गोंडे? म्हटलं, हे काय बाळाचं टोपडं आहे?

"बांध, वहिनी."

नाही बांधले.

२८ सप्टेंबर

ताटलीची परीक्षा. खोपटाच्या अंगणात रेइनो, खोपटातले बाकीचे दोघे आणि वेंडेल. वेंडेलला आधी मारू दिलं. नवं कोरं लाकडी धनुष्य, पन्नासच्या वरचं. कुंथला. दोन बाण ताटलीत, एक काठावर, एक जंगलाला दान.

मग मी. गुडघ्यावर बसले. तो म्हणाला, "आजी, बसून चालतं का?"

"तुला उभ्याने चाललं का?" म्हटलं.

चारही ताटलीत. शेवटच्याला काठाचा जरा टेकू लागला, पण आत ते आत. बाकीचे दोघे बुटाच्या टोकाकडे बघत हसत होते. रेइनो म्हणाला, "आता हरीण. ताटलीला कान नसतात." आणि माझ्या उघड्या दोरीकडे बघितलं. मी बघितलं नाही असं केलं.

हंगाम संपेपर्यंत पाहुणी म्हणून खोपटात झोपायची परवानगी मिळाली. चूल उत्तरेच्या भिंतीला आहे. पाहुण्यांची खाट दाराशी, वाऱ्यात. आर्विदची कोपऱ्यात, बरोबर गळतं तिथे. खाली बादली ठेवलेली.

१ ऑक्टोबर

कड्यावर हेमलॉकच्या बुंध्याशी दिवसभर. चार खारी, एक साळिंदर. साळिंदराने माझ्याकडे असं बघितलं जशी मीच त्याच्या घरात घुसले.

१२ ऑक्टोबर

मादी, दोन पिलांसकट. वीस पावलांवर. माझा पल्ला पंधराचा, म्हणून हात खालीच ठेवला. मग सरोवराकडचा वारा फिरला, तिने नाक वर केलं, पाय आपटला. गेली.

घाई नाही मला. त्या पात्याने नुसतं जखमी करून सोडण्यापेक्षा रोज खारी बघेन.

२३ ऑक्टोबर

पाऊस. बादली भरली. वेंडेल म्हणाला, पत्रे तयार आहेत, वसंतात चढवतो. रेइनोने बादली बाहेर नेऊन ओतली. माझ्या पॅस्ट्या चौघांनीही खाल्ल्या.

६ नोव्हेंबर

आला. नर, मानेने जाड, माद्यांच्या वासावर नाक जमिनीला लावून. नऊ-दहा पावलांवर थांबला, माझ्याकडे कूस करून. पुढच्या पायाच्या मागे एक केस उलटा फिरलेला होता. तेवढाच दिसत होता मला. बोट ओठाला लागलं. सोडलं.

टण्ण!

तो दबला. डोळ्यांनी बघितलं मी, दोरीचा आवाज ऐकून तो दबला, पोट जमिनीला लागेल इतका. आणि बाण जिथे तो होता तिथून, रिकाम्या हवेतून गेला. मग पांढरी शेपटी उभी राहिली आणि गेला.

बाण काढून आणला. पात्यावर रक्त नाही, केस नाही. स्वच्छ.

घरात लोकरीच्या तीन टोपल्या आहेत.

७ नोव्हेंबर

कुणी बघितलं नव्हतं. वेंडेल दलदलीकडे होता, रेइनो नदीच्या वळणावर. गप्प बसले असते तर सदरा शाबूत, तोंडही शाबूत.

पण सगळे चुलीभोवती बसले तेव्हा सांगितलं. दहा पावलांवर होता, आवाजाने दबला, वरून गेला. गोंडे बांधले नव्हते तेही सांगितलं. अर्धवट खोटं बोलायला मला जमत नाही, आणि पूर्ण खोट्याला फार लक्षात ठेवावं लागतं.

उभी राहिले. सदरा बाहेर काढला. पाठ केली रेइनोकडे.

तो म्हणाला, "बरं." आणि चुलीत लाकूड सारलं.

कात्री चुलीच्या वर खिळ्याला लटकत होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. बाकीचे दोघे एकमेकांकडे बघत होते. वेंडेल म्हणाला, "चला, सदरा वाचला तुमचा, आजी."

मी सदरा आत खोचला आणि झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले.

८ नोव्हेंबर

घरी आले. कापला असता तर चाललं असतं. चाळीस वर्षं शिवलेत, आणखी एक शिवला असता. पाहुण्याचा सदरा कापत नसतात.

गोंडे बांधले. लाल लोकर, इर्माच्या लहानपणच्या मोज्यांतली उरलेली. दोरी आता बोलत नाही. कुजबुजते.

१३ नोव्हेंबर

घरूनच जाते आहे, पाच दिवस. पोचते तेव्हा उजाडलेलं असतं. काल ताजे माग, आज ताजे माग, हरीण नाही. पहिला बर्फ पडला. उद्या शेवट. मग बंदुकवाले येतील आणि जंगलात नारिंगी टोप्या उगवतील.

खाट वेंडेलची. छप्पर तरी होईल.

१४ नोव्हेंबर

हरीण नाही. संध्याकाळी दार वाजलं. रेइनो, बुटांना बर्फ, हातात खोपटातली कात्री. "त्या दिवशी धार नव्हती हिला," म्हणाला. "आणि बाकीच्या दोघांना तुझ्याबद्दल वेंडेलसमोर विचारता येईना. त्याला आज नकार कळवला, छपरासकट. पाठ कर, वहिनी." मी केली. कात्री माझ्या शिवणीवर अडली. "कशाने शिवलंयस हे?" धनुष्याच्या दोरीच्या धाग्याने, म्हटलं, मेण लावून. दोनदा शिवी दिली त्याने आणि कापलं. चिंधी खिशात घातली, आर्विदच्या खाटेच्या वर भिंतीला ठोकायला. दारातून वळून म्हणाला, "बंदुकवाले गेले की पुन्हा धनुष्याचा हंगाम लागतो. येताना ताडपत्री आण. तुझ्या खाटेवर गळतंय."